अर्थ

गाडी मी घेतली एका बंद पडलेल्या चिरेखाणीवरून,
एकोणीस वर्षांची, रंग एकेकाळी हिरवा.
लोक म्हणाले, बाई, शाळेत जायला स्कूटर पुरते.
त्यांनी सड्यावर चढणारा आमचा रस्ता पाहिलेला नाही.

पास्कू रॉड्रिक्सचं गॅरेज म्हणजे वेंगुर्ल्यात खाडीकडच्या उतारावर
दोन माडांना बांधलेला निळा प्लास्टिकचा कागद
आणि एक खड्डा, ज्यात उधाणाला पाणी चढतं.
म्हणून तो आधी तिथी बघतो, मग गाडीखाली जातो.

मी पाना पुढे केला.
"पानो ठेव. आदी आयक."

चावी फिरवली. टक्. परत टक्.
दिवे लावले तर मिणमिणले.
ब्रेक दाबला तर डावा इंडिकेटर उजळला,
एकाला हाक मारावी आणि भलत्यानेच ओ द्यावी तसा.
मी बॅटरीला दोष दिला, सेल्फला दिला,
विकणाऱ्याच्या सात पिढ्यांना देणार होते,
इतक्यात बॉनेटमध्ये वाकलेला तो म्हणाला,
"अर्थ लागणा नाय गो बाई."

बावीस वर्षं मी नववीला संदर्भासह स्पष्टीकरण शिकवते.
हे वाक्य हजार वह्यांवर लाल शाईने लिहिलंय,
तोंडावर मला कुणी म्हणालं नव्हतं.

त्याने दाखवली ती पट्टी: तांब्याची, वेणीसारखी विणलेली,
इंजिनापासून चासीपर्यंत,
आणि बोल्टाखाली मोरचुदाचा हिरवा थर.
"खारो वारो वायर नाय खाणा, जोड खाता.
करंट जाता तो सगळ्यांक दिसता,
परत खयसून येता, ता कोण बघणा नाय."
पॉलिशपेपरने घासत राहिला, धातू लखलखेपर्यंत,
बोल्ट आवळला, वरून ग्रीसचं बोट.
चावी. गाडी अशी उठली
की माडावरचा कावळा उडाला.

मग बाकीची दुखणी निघाली, पाहुणे निघावेत तशी, एकामागून एक.
फोर व्हीलचा दांडा पडायचा, खटका यायचा,
पण पुढची चाकं नुसतीच पुढे असायची,
मागच्यांनी ढकललं की चालायची.
हब गंजून बसला होता.
मला आमच्या मुख्याध्यापकांची आठवण झाली, बोलले नाही.

गियर टाकताना पोटाखाली धाडकन काहीतरी आपटायचं.
पास्कूने शाफ्ट हाताने हलवून बघितला, म्हणाला, "क्रॉस गेलो,"
आणि नकळत गळ्यातला चाचपला.
नवा कुडाळात नव्हता, कोल्हापूरहून एस्टीने आला,
ड्रायव्हरच्या सीटखाली, बुंदीच्या लाडवांच्या पुडक्याशेजारी.

पुढच्या डिफरन्सचं ऑइल काढलं तर टपरीवरचा चहा.
"खाडीत घातलंस?"
एकदाच, मी म्हटलं. शॉर्टकट होता.
"गरम लोखांड थंड पाण्यात गेला काय श्वास आत घेता.
खाली उतरायच्या आदी जरा थांबूचा."
हे त्याने रागावून नाही,
पोहायला शिकवणाऱ्यासारखं सांगितलं.

तीन दिवस गेले, मध्ये एक अमावस्या,
तेव्हा खड्ड्यात पाना पडला आणि तिथे खेकडा निघाला.

आता चढते. दुसऱ्यात, चारही चाकांनी,
जांभ्याच्या पायऱ्यांवरून, मागे दोन मुली आणि प्रयोगशाळेचा तराजू.
फक्त वरच्या वळणावर उजवीकडून
वाटीत पाच पैसे हलवावेत तसा एक आवाज येतो.
मी तो त्याला दोनदा ऐकवला.
त्याने डोळे मिटले, कान दाराला लावला,
बराच वेळ काही बोलला नाही.

"ह्यो ऱ्हवांदे. तेका हात लावलो तर दुसरो सुटतलो.
वाढलो तर ये."
हात पुसता पुसता थांबला.
"नाय वाढलो तरी ये. पैसे बाकी आसत."