चार अंश

अर्जात एक चौकट होती: शिक्षण.
तिच्यात पेन टेकवून मी बसून राहिलो
शाईचा ठिपका वाटाण्याएवढा होईपर्यंत.

कॉलेज सोडलं दुसऱ्या वर्षी.
किसुमूत तेव्हा म्हणायचे, ओदिपोचा पोरगा
सरोवरातला एक मासा सडू देणार नाही.
मीही म्हणायचो. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

चाळीस निळ्या पेट्या, वर सौर पत्रे, आत गारवा.
नैरोबीतल्या काचेच्या खोलीत मी
पडद्यावर एक रेषा दाखवायचो, ती वर जायची.
खरी जात होती त्याहून थोडी जास्त वर.
थोडीच.

मग बॅटऱ्या फुगल्या.
पैसे लावणारे फोन उचलेनात.
एका मंगळवारी नऊ जणांना समोर बसवून सांगितलं,
उद्यापासून येऊ नका.
वान्यामा आधी हसला, त्याला थट्टा वाटली.

आता डुंगाच्या किनाऱ्यावर अत्येनो मावशी
एका पेटीवर बसून तिलापियाचे खवले काढते,
दुसरीत तिची कोंबडी अंड्यांवर बसली आहे.
मी दिसलो की म्हणते,
"टेक जरा, तुझीच आहे."

सरकारी दवाखान्यात लसींच्या शीतगृहाला
रात्रपाळीचा माणूस हवा होता.
सिस्टर नेकेसानं ठिपक्यावर बोट ठेवलं.
"इथं काय लिहायचं होतं?"
"सदतीस जणांचं देणं होतं. बावीस फेडले."
"ते या चौकटीत बसत नाही."
"नाही बसत."
"रात्री जागता येतं?"
"गेलं वर्षभर तेच करतोय."
ती हसली नाही. रजिस्टर पुढे सरकवलं.

दर दोन तासांनी दार न उघडता आकडा बघायचा, लिहायचा.
पहिल्या रात्री हात सवयीनं
वाढ कुठे दाखवायची ते शोधत राहिला.

चार. चार. पाच. चार.
पहाटे दोनला वीज गेली,
जनरेटर खोकत खोकत उठला. सहा.
सहाच लिहिलं.
बराच वेळ बघत बसलो त्या सहाकडे,
कुणाला तरी खरं सांगून आल्यासारखा.

भिंतीवरच्या तक्त्यात महिन्याची रेषा
आडवी पसरली आहे,
होड्या सुटण्याआधीच्या पाण्यासारखी.
हिला वर जाऊ द्यायचं नाही,
एवढ्याचाच मला पगार मिळतो.