गळती आढळली नाही

मुरोरान बंदरामागे, पोलाद कारखान्याच्या भिंतीला लागून
आमची तपासणीची शेड.
सेन्सर छताच्या अगदी टोकाशी,
कारण हायड्रोजन निसटला की वरच धावतो.
वास नाही, रंग नाही.
पेटला तरी भर दिवसा ज्योत दिसत नाही.

इवाबुचीसान निवृत्त झाले तेव्हा
एक केरसुणी देऊन गेले.
आमच्या वेळी, म्हणाले,
ही पुढे धरून चालायचो पाइपांच्या कडेनं.
हिनं पेट घेतला की कळायचं,
आता पुढे पाऊल नाही.
दाराआड उभी असते ती अजून,
एका बाजूनं काळी.

आज सकाळी तोकुनागा टॅक्सी घेऊन आला.
निळी. चाकांवर रस्त्यावरच्या मिठाचे पापुद्रे.
मागच्या सीटवर बायकोनं विणलेली उशी.
"डायलिसिसचे तिघे आहेत माझे," म्हणाला,
"दुपारपर्यंत सोडाल ना?"

आधी हातातल्या डिटेक्टरची परीक्षा.
ठाऊक असलेला वायू, मोजून, त्याच्या नाकाशी धरला.
ओरडला.
ओरडता येतं त्याला, एवढं कळल्यावरच
त्याच्या गप्प बसण्यावर विसंबायचं.

मग सांधे. झडप, रेग्युलेटर, भरायचं तोंड.
साबणाचं पाणी, मऊ ब्रश.
एक बुडबुडा फुगला
आणि मी श्वास धरला.
ब्रशचाच होता. फुटला.
पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पाहत बसले
दूध उतू जायची वाट पाहावी तसं.
काही नाही.

आगीत आपोआप उघडणारी झडप तपासता येत नाही.
तपासायची म्हणजे जाळायची.
तिच्या नळीत चिखल तर नाही ना
एवढंच टॉर्च मारून बघायचं,
बाकी तिच्यावर सोडायचं.

टाकीखाली आरसा सरकवला.
काळ्या धाग्यांचे वेढे, एकावर एक,
सातशे बारचा दाब पोटात धरून पंधरा वर्षं.
नखानं चाचपलं. ओरखडा नाही.
शून्य, लिहिलं मी. शून्य. शून्य.

आणि मग ती पट्टी.
वापराची मुदत: काल.

"गळती नाही म्हणालात."
"नाही म्हणाले."
"मग?"

धागे आतून थकतात, सांगितलं.
थकल्याचा आवाज आमच्या कुठल्या यंत्राला येत नाही,
म्हणून तारीख.
ऐकून घेतलं त्यानं.
मग म्हणाला, "मलाही पुढच्या मार्चात
लायसन्सवाले बोलावणार आहेत,"
आणि बाहेर जाऊन तिन्ही पेशंटना फोन केले.
एकीला दोनदा, तिला ऐकू कमी येतं.

नवी टाकी गाडीच्या किमतीला भारी पडते.
हे त्यानं विचारलं नाही, मी बोलले नाही.

उरलेला वायू उंच नळीतून सोडला.
लांबलचक सुस्कारा फक्त,
दिसायला काहीच नाही.
वरून जाणारा एक सीगल जरासा हेलपाटला
आणि सावरून समुद्राकडे गेला.

चाळीस मिनिटं लागतात रिकामं व्हायला.
मी फॉर्म भरला.
पहिल्या रकान्यात: गळती आढळली नाही.
शेवटच्यात: अपात्र.
अक्षर एकच, माझं.

मान वर केली तर
तोकुनागानं दाराआडची केरसुणी घेतली होती.
आपल्या चाकांचं मीठ झाडत होता,
कोपऱ्यापासून, नीट, वाकून.
ती कसली आहे, ते मी सांगितलं नाही.