जीव भांड्यात

यादीत माझं नाव नव्हतं.
जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा पडला;
पण भांडं माझं नव्हतं.
ताउनोचं होतं. निळा मग, कान तुटलेला,
विश्रांतीच्या खोलीत फळीवर अजून पालथा.

सत्तावीस मग. वापरात अकरा.
उरलेल्या सोळांना कुणी हात लावत नाही.
कॉफी मात्र मी सवयीनं सत्तावीस जणांची टाकते
आणि निम्मीअधिक बेसिनमध्ये ओतते,
काळी, गरम, कुणाचीच नसलेली.

नोव्हेंबर. दुपारी तीनला अंधार.
नदीला काठाकाठानं बर्फाची साय धरतेय.
तीन नंबरचं कागदयंत्र थांबल्यापासून
शांतता एवढी मोठी झालीय
की आम्ही तिला वळसा घालून चालतो.

हेलसिंकीहून एक गृहस्थ आले,
बुटांचे तळवे पातळ, आवाज मऊ.
पडद्यावर डोंगर दाखवला, डोंगरावर बाण.
"मनोबल," म्हणाले. "बदल," म्हणाले.
"तुम्ही निवडले गेलेले आहात."
वेइक्को उठला, बाहेर गेला,
आणि गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत राहिला,
गाडी कुणाची होती कोण जाणे.
निवडले गेलेले!
तांदूळ निवडतात तसे?
मग खडा कोण, तेही सांगून जा ना.

पिर्क्कोचं काम माझ्याकडे आलं, ड्रॉवरसकट.
त्यात हातमोजे, खोकल्याच्या गोळ्या,
आणि माझ्याच वाढदिवसाचं कार्ड,
अर्धं लिहिलेलं.

आणि इर्या.
यादीवर सही तिची.
बावीस वर्षं आमच्यात बसून जेवली;
त्या दिवसापासून गाडीत जेवते, इंजिन चालू ठेवून,
काचा वाफेनं आंधळ्या होईपर्यंत.
आम्ही खिडकीतून बघायचो.
बरं झालं, असं मी मनात म्हटलंय.
खोटं कशाला बोलू.

मंगळवारी ती आत आली. कोट काढला नाही.
"आणखी यादी येईल का, मला ठाऊक नाही.
कळेल त्याच दिवशी सांगेन.
आणि पिर्क्कोचं काम एका पूर्ण माणसाचं होतं.
ते तुझ्यावर लादलं, चुकलं माझं.
अर्धं बंद करू. वर मी बघते."
डोंगर नाही, बाण नाही.
टेबलाची कड तिनं अशी धरली होती
जणू टेबलच निघून जाईल.

"जेवलीस?" मी विचारलं.
दुसरं काही सुचलंच नाही.

तिचा मग गाडीत राहिला होता.
हाताला आला तो फळीवरून उतरवला, धुतला,
कॉफी ओतली. मग लक्षात आलं, निळा.
तिच्याही आलं.
बोटानं तुटका कान चाचपत म्हणाली,
"ताउनोला कुणी फोन केलाय?"

कुणीच केला नव्हता.
काय बोलायचं? तू गेलास, मी आहे?
आम्ही समजत होतो, गप्प राहणं म्हणजे मान राखणं.

वेइक्कोनं फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावून.
बराच वेळ वाजला.
उचलल्यावर तो तिकडे गप्प, आम्ही इकडे.
एक कुत्रं भुंकलं, त्याचं असावं.
शेवटी तोच खाकरला:
"दोन नंबरच्या खालच्या रोलरची कुरकुर,
अजून आहे का रे?"

"आहे," इर्या म्हणाली.
तिचा आवाज ओळखून तो जरा थांबला.
"ग्रीस डावीकडून घालायचं, इर्या.
तुम्ही उजवीकडून घालत असाल."

उजवीकडूनच घालत होतो.