खजुरांचं खोकं

यंत्र अजून कागदावरच आहे.
सुहारच्या औद्योगिक वसाहतीत, गाळा नंबर एकोणीस,
मी त्याची माहितीपुस्तिका लिहितेय,
जन्माआधी पत्रिका मांडावी तशी.

चाचणीला पैसे मागितले.
साहेब म्हणाले, आधी यंत्र होऊ दे.
मग खजुरांचं रिकामं खोकं घेतलं,
बाटल्यांची तीन झाकणं डकवली,
त्यातलं एक लाल (निम्मंच; मार्कर संपला),
आणि दाबाचा काटा म्हणून
टाचणीवर फिरणारी काडेपेटीतली काडी.

समोरच्या लॉन्ड्रीतून मोफिजुल आला.
बाहेर शेहेचाळीस अंश. तो एसीसाठी आला,
चहासाठी बसला.
म्हटलं, परीक्षा तुझी नाही, या कागदाची.
त्याला काही ते पटलं नाही.
सदऱ्याला हात पुसून
फळ्यापुढं उभं केल्यासारखा उभा राहिला.

माझं काम एकच, गप्प बसणं.
ते मला जमत नाही. जीभ दाताखाली धरली.
तो मोठ्यानं वाचत गेला, बोट ओळीवरून.
बोट अडलं की मी पेन्सिलीनं टिंब देई.
‘सुनिश्चित’पाशी तीन टिंबं.

सातवी सूचना माझी आवडती होती :
लाल झाकण उघडा, मात्र त्यापूर्वी
काटा शून्यावर आल्याची खात्री करा.

त्यानं ‘उघडा’ वाचलं
आणि उघडलं.

उरलेलं वाक्य मग वाचलं.
झाकण हळूच परत बसवलं,
मी पाहिलंच नाही अशा बेतानं.

पुठ्ठ्याला वाफ नसते.
खजुराचा वास आला तेवढाच.

तो म्हणाला, चुकलो. मी म्हटलं, मी चुकले.
दोघंही ऐकेनात.

दुसऱ्या दिवशी चहावाला कुंजप्पन,
संध्याकाळी पहारेकरी खिमानंद.
तिघांची हिंदी तीन गावची,
हात मात्र त्याच झाकणावर.

वाक्य उलटं केलं. आधी काटा, मग झाकण.
तरी खिमानंदचा अंगठा तिकडंच घसरला,
कारण खोकं धरायला दुसरी जागाच नव्हती.
हे काही वाक्यानं सुधारणारं नव्हतं.
खोकं उचलून हमूदच्या टेबलावर नेलं.
तो बराच वेळ ते धरून बसला,
मग खोडरबर घेतलं
आणि नकाशातली झडप वीतभर वर गेली.

हिशेबाच्या वहीत लिहिलं :
चहा नऊ, नऊशे बैसा. मार्कर एक.

मोफिजुल परवा दारात थांबला.
आमच्या मशीनलाही असा कागद होता का, मॅडम?
असेल, म्हटलं. कुठंतरी.
त्यानं मान हलवली,
आणि मनगटावरच्या गुळगुळीत डागावर
बाही ओढून घेतली.