दोन कानांच्या मधोमध

गुडघ्यांनी राजीनामा दिला
त्या वर्षी मी घोडी घेतली.
एकतीस वर्षं फळ्यावर माळरान काढलं होतं खडूनं,
आता ते जाऊन बघायचं होतं
आणि पायी जमणार नव्हतं.

मैनोद्दीन म्हणाला, वरातीची आहे बाई,
चौदा हंगाम काढलेत हिनं.
बँडला भीत नाही, फटाक्यांना भीत नाही,
नवरदेवाला तर नाहीच नाही.
नाव बत्ताशी.
पांढरी; म्हणजे धुतल्यावर.

राहिला कॅमेरा.

नवी पेठेत श्रीनिवास गड्डमचं दुकान.
माझाच विद्यार्थी,
नकाशात भीमेला उलटी वाहवायचा.
काचेखाली कॅमेरे ओळीनं बसलेले,
परीक्षेच्या वर्गासारखे गप्प.
तो म्हणाला, चोवीस मेगापिक्सेल.
मी म्हटलं, एका हातानं चालतो का?
तो म्हणाला, व्हिडिओ फोर-के.
मी म्हटलं, डावा हात लगामात असतो रे,
उजव्यानंच काय ते करायचं.
त्यानं चहा सांगितला.

मग मी त्याला स्टुलावर बसवलं
आणि स्टूल हलवायला लागले.
ही कदम. ही दुडकी.
काढ आता समोरच्या चादरीवाल्याच्या पाटीचा फोटो.
पाटीवरचा ‘चा’ लांबून लांबून
पार शेजारच्या चिवड्याच्या दुकानात गेलेला.
दुसरा दे. दुसऱ्यातही तेच.
गिऱ्हाइकं दारातच थबकली,
बाई मास्तरीण आणि हा चाळिशीचा बाप्या
स्टुलावर उडतोय.

मोठ्या लेन्सचा उचलून पाहिला;
गळ्यात दगडी पाटा बांधल्यासारखा,
प्रत्येक टापेला छातीवर एक रट्टा.
छोटा होता खिशातला, त्याला डोळा लावायला भोकच नाही,
नुसता पडदा.
आमच्या एप्रिलच्या उन्हात
तो पडदा म्हणजे कोरी पाटी, 
त्यात आपलंच घामेजलेलं तोंड दिसणार.

श्रीनिवास म्हणाला, बाई, हा घ्या,
हात हलला तरी आतली काच स्वतःला सावरते.
चाळीस हजार जास्त.
मी म्हटलं, घोडीला विचारते.

दुसऱ्या दिवशी सातला, शटर वर जायच्या आधी,
बत्ताशी दुकानाच्या पायरीशी उभी.
त्यानं एकेक कॅमेरा आणून तिच्या कानाशी वाजवला.
पहिल्याला कान मागे.
चाळीस हजार जास्तवाला मुका होता, त्याला काहीच नाही;
तिनं शेपटीनं माशी वारली.
तिसरा जुना, कुणीतरी परत केलेला,
खट्ट
असा साधा आवाज करणारा.

आणि बत्ताशी थांबली.
म्हणजे उभीच होती, पण आणखी थांबली.
मान कमानीसारखी वर,
तोंड किंचित डावीकडे,
श्वाससुद्धा बेतानं,
जणू पाठीवर मुंडावळ्या बांधून कुणीतरी बसलंय
आणि फोटोवाला म्हणतोय, एक मिनिट, एकच मिनिट.
चौदा हंगाम.

तोच घेतला. बॅगेसकट.

आता मर्डीच्या पुढच्या गायरानात
काळवीट दिसलं की मी एकदा हवेतच खट्ट करते,
वाया घालवलेला फोटो.
ती खुंटासारखी रुतते.
मग दुसरा काढते.
कुसळांत धाविक, तारेवर चंडोल,
भोवत्या फिरताना, एकदा लांडगा,
निदान मी तरी त्याला लांडगाच म्हणते.
कळपातली एक मादी मान वर करून बघते
या पांढऱ्या जनावराकडे
ज्याच्या पाठीवर चष्म्याची एक गाठोडी आहे,
आणि पुन्हा चरायला लागते.

फक्त एक आहे.
प्रत्येक फोटोत खाली दोन कान येतात,
धूसर, पांढरे,
आणि जे काही आहे ते त्या दोहोंच्या मधोमध.

छापताना श्रीनिवास म्हणाला,
बाई, कान कापून देऊ का?
मी म्हटलं, नकाशावरची उत्तर कापतोस का रे?
तो हसला.
भीमेचं अजून विसरला नव्हता.