तांदळाचा डबा

रोज रात्री दहाला एक जिना उतरतो
माझगावच्या आमच्या चाळीत,
एलियाकाकांच्या हाती मोबाइल देतो.
ते तो तांदळाच्या डब्यात खुपसतात, झाकण दाबतात.
"ऊठसूट देवाला हाक मारू नकोस," म्हणतात,
"आधी दिवा लाव. पाणी पी. मग बोल त्याच्याशी."

मंगळवारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही सात जण.
पाळक फळ्यावर 'शुद्धता' लिहितात,
खडू मोडतो. कोणी हसत नाही.
मी आकडा सांगतो: अकरा दिवस.
मागच्या खेपेला चाळीस होते.

काका गोदीत बॉयलरवर होते. आता बहात्तर.
मला वाटायचं, त्यांची आग केव्हाच विझली,
राख उरते तशी
पवित्रता उरत असेल म्हातारपणी.

काल दार उघडलं, पण हात पुढे केला नाही.
काकूंच्या फोटोकडे पाठ करून उभे.
मग खिशातून स्वतःचा मोबाइल काढला,
माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता.
"आज तू ने, रुबेन. दोन्ही."

आमच्याकडे तांदूळ संपलेले.
डाळीत पुरले.
रात्रभर खालून त्यांचा खोकला येत राहिला.
अडीचच्या सुमारास मी फरशीवर
एकदा टाच आपटली:
मीही जागा आहे.