दोन वायरी

पिराजी अंबींचा डावा खांदा आता मागं वळत नाही.
चाळीस वर्षं इंजिनाचा दांडा धरून,
तोंड पाण्याकडं, हात पाठीमागं,
सांगली ते सांगलवाडी, सांगलवाडी ते सांगली.

म्हणाले, मला समोर बघून बसायचंय. बास.
आणि पोत्यातनं काढून टेबलावर ठेवला
भंगारात किलोवर घेतलेला कंट्रोल बॉक्स.
लिव्हर दगडासारखी. आत ग्रीसचं मेण झालेलं.
इंजिन माझ्यापेक्षा सात वर्षांनी थोरलं,
त्याचा कारखाना कधीच मिटलेला.

रॉकेलमध्ये दोन रात्री भिजवला.
तिसऱ्या दिवशी उघडला तर स्प्रिंगवरची गोळी उडाली
आणि कपाटाखाली गेली.
ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी,
पण तीच हाताला सांगते की आता मधे आलास,
आता ना पुढं, ना मागं. टक.
तासभर पालथा पडून शोधली मी.

स्कूटरची क्लचवायर चालंल का, त्यांनी विचारलं.
म्हटलं, ती नुसती ओढती.
ढकलायला लागलं की वाकती,
माझ्या धाकट्या भावासारखी.
इथं ओढती तशीच ढकलणारी पाहिजे,
एक गिअरला, एक थ्रॉटलला.
ट्रकच्या भंगारात मिळाली, कापून दोन झाल्या.
मिरजेत इस्माईल बागवानांनी लेथवर पितळी टोकं काढली,
एक सूत कमी पडलं, पुन्हा गेलो.
सुकाणूला दोर आणि चार कप्प्या
त्यांच्या नातवानं बसवल्या, माझ्यापेक्षा नीट.

घाटावर लिव्हर पुढं रेटली
आणि नाव मागं आली, पायरीवर धडकली.
म्हसरं धुणारी पोरं हसायला लागली.
पिराजी काही बोलले नाहीत.
लिव्हर परत मधे आणली. टक.
मी कमरेएवढ्या पाण्यात, दातात पिन धरून,
खालच्या भोकातली वायर वरच्या भोकात घेतली.
चूक माझीच होती,
कागदावर बाण उलटा काढला होता.

मग सुटली. आयर्विन पुलाच्या सावलीपर्यंत सरळ.
तिथं थांबली.
मी इकडं हातवारे करतोय, काय तुटलं, काय निसटलं,
आणि पिराजी पाठमोरे बसलेले, हलेनात.
नुसती टकटक ऐकू येत होती,
पुढं, मधे, पुढं, मधे.

परत आल्यावर म्हणाले,
काय न्हाई ओ, ऐकत हुतो.
कानाजवळ असतंय तवा निस्ता कालवा वाटतोय.
लांबनं वेगळंच बोलतंय ते.

पैसे दिले, पन्नास जास्तच.
दांडा माझ्याकडं ठेवलाय, मुठीची जागा गुळगुळीत झालेला.
नेतो म्हणाले होते.
दिवाळी झाली, अजून आले नाहीत.